एफवायनंतर राज्याबाहेरच्या कॉलेजात जायचंय? टीसी सगळ्यात शेवटी काढा

एफवाय झालं आणि या कॉलेजात पुढे शिकायचं नाही असं पक्कं झालं. विषय चुकला असेल, वर्गात त्रास झाला असेल, निकाल बिघडला असेल किंवा दुसऱ्या शहरात सगळं नव्यानं सुरू करायचं असेल. महाराष्ट्राबाहेरच्या कॉलेजात जाण्याचे रस्ते आहेत. पण टीसी आधी काढून जागा नंतर शोधायला निघालं, तर जुनी जागा गेलेली असते आणि नवी मिळालेली नसते. पुष्कळांचं वर्ष जातं ते इथेच.

खाली दिलेलं सगळं बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी आहे. मेडिकल, फार्मसी, लॉ, इंजिनिअरिंग यांना त्या त्या परिषदेचे वेगळे नियम लागतात, त्यामुळे तिथे या क्रमावर विसंबू नका.

बदली की नवा प्रवेश, हे आधी ठरवा

राज्याबाहेर जाण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पहिल्या वर्षाची क्रेडिट्स (सुटलेल्या पेपरांचे श्रेयांक) घेऊन थेट तिसऱ्या सेमिस्टरला जाणं. दुसरा म्हणजे झालेलं सोडून पहिल्या वर्षाला नवा प्रवेश घेणं. दुसरा रस्ता ऐकायला पराभवासारखा वाटतो, म्हणून घरचे पहिल्याचाच आग्रह धरतात. तो आग्रह नेहमी शहाणपणाचा नसतो.

दोन्ही सेमिस्टरचे सगळे पेपर सुटले असतील, मेजर म्हणजे मुख्य विषय तोच ठेवायचा असेल आणि निकाल बरा असेल, तर बदलीचा विचार करा. केटी राहिली असेल, म्हणजे एखादा पेपर सुटायचा असेल, तर बहुतेक विद्यापीठं बदलीचा अर्जच घेत नाहीत. एटीकेटीची सवलत तुमच्या विद्यापीठानं तुम्हाला दिलेली असते, दुसऱ्या विद्यापीठावर ती बंधनकारक नाही. विषयच बदलायचा असेल, म्हणजे बीकॉम सोडून मानसशास्त्र घ्यायचं असेल, तर क्रेडिट्स फारशी कामाला येणार नाहीत. अशा वेळी बदलीच्या खटपटीत जूनपासून सप्टेंबर घालवण्यापेक्षा नवा प्रवेश सरळ पडतो.

नव्या प्रवेशासाठी केंद्रीय विद्यापीठांचा रस्ता सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून जातो. बारावी आधीच्या वर्षी झालेली असली तरी ही परीक्षा देता येते, तिला वयाची अट नाही, आणि ती ज्या १३ भाषांत होते त्यांत मराठीही आहे. अर्ज मात्र वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच भरून होतात. एफवायचा निकाल लागल्यावर जाग आली, तर त्या वर्षीची सीयूईटी गेलेली असते. म्हणून मनात नुसती शंका असली तरी फॉर्म भरून ठेवा. जायचं नाही ठरलं तर फीपुरतंच नुकसान.

बारावीत कोणते विषय होते आणि किती वर्षांची गॅप चालते, या अटी प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. सीयूईटीचे पेपर निवडण्याआधी त्या वाचा. चुकीचा पेपर निवडला तर चांगले गुण मिळूनही त्या कोर्सला अर्ज करता येत नाही.

क्रेडिट्सचं गणित

महाराष्ट्रातल्या नव्या आराखड्यात सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट्स असतात. म्हणजे पहिल्या वर्षाची ४४, तीन वर्षांच्या पदवीची १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सची १७६. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०२१ च्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (विद्यार्थ्याची क्रेडिट्स जमा ठेवणारी ऑनलाइन नोंद) नियमांनुसार, जी संस्था पदवी देणार तिच्याकडे किमान निम्मी क्रेडिट्स कमवावी लागतात.

हे गणित मांडून पाहा. एफवायनंतर गेलात तर नव्या ठिकाणी ८८ क्रेडिट्स होतात, १३२ च्या निम्म्याहून बरीच जास्त. एसवाय करून गेलात तर उरतात फक्त ४४, आणि निम्म्यासाठी लागतात ६६. तीन वर्षांची पदवी त्यात बसत नाही. चार वर्षांची घेतली तर ८८ अधिक ८८, बरोबर निम्मी. म्हणून जायचं असेल तर एफवायनंतर जा. ‘आणखी एक वर्ष बघू’ म्हणत थांबलात तर दार बरंचसं बंद झालेलं असतं.

क्रेडिट्स या बँकेत जमा आहेत म्हणजे नवं विद्यापीठ ती घेईलच असंही नाही. तिथले विभागप्रमुख किंवा अभ्यास मंडळ तुमचा अभ्यासक्रम पेपरागणिक, युनिटगणिक ताडून बघतात. गोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी मेजर-मायनरची रचना आपल्याजवळची असल्यानं जुळवाजुळव त्यातल्या त्यात सोपी जाते. कर्नाटकनं २०२४ मध्ये चार वर्षांची रचना सोडून तीन वर्षांची पदवी आणि तीन मुख्य विषय परत आणले. त्यामुळे चंदगड किंवा गडहिंग्लजहून बेळगावला जाणाऱ्याकडे एक मेजर आणि एक मायनर असतो, तिसरा विषय कमी पडतो. तामिळनाडूत बीए-बीएस्सीला पार्ट वन भाषा आणि पार्ट टू इंग्रजी असे वेगळे पेपर असतात. पहिल्या वर्षाचे हे पेपर तुम्ही दिलेलेच नसतात, आणि ते तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरच्या पेपरांसोबत देण्याची वेळ येते.

तेव्हा ‘ॲडमिशन मिळेल का’ एवढंच विचारून फोन ठेवू नका. कोणते पेपर मान्य, कोणते जादा द्यावे लागतील आणि ते कोणत्या सेमिस्टरला, हे लेखी मागा. तोंडी ‘होऊन जाईल’ला परीक्षा विभागात काही किंमत नसते.

कागद कोणत्या क्रमानं काढायचे

मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षा सुरू व्हायच्या आधी, डिजीलॉकरमधून तुमचा १२ अंकी अपार क्रमांक (ज्याखाली तुमची शैक्षणिक नोंद राहते) काढा आणि पहिल्या सेमिस्टरची क्रेडिट्स त्यात दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर कॉलेजनं ती अपलोड केलेली नाहीत किंवा नाव जुळलेलं नाही. नावाची भानगड आपल्याकडे फार होते. बारावीच्या मार्कशीटवर ‘पाटील स्नेहा राजेंद्र’, आधारवर ‘स्नेहा राजेंद्र पाटील’ आणि कॉलेजच्या नोंदीत आईचं नावही मागे जोडलेलं. राज्याबाहेरच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असले, की ‘राजेंद्र’चं काय करायचं हे जो तो आपापल्या मनानं ठरवतो. तुम्ही एकच रूप ठरवा, शक्यतो बारावीच्या मार्कशीटवरचं, आणि आधार, अपार व नवा फॉर्म त्याच्याशी जुळवून घ्या. आधारमधली दुरुस्ती आधी करावी लागते, कारण अपार आधारवरून पडताळलं जातं.

त्याच सुमारास नव्या कॉलेजकडे एसवायला रिकामी जागा आहे का ते विचारा. दुसऱ्या वर्षाची जागा कोणी सोडून गेलं किंवा नापास झालं तरच रिकामी होते, त्यामुळे खरा आकडा त्यांनाही त्यांचा निकाल लागल्यावरच कळतो. एका कॉलेजवर भिस्त ठेवू नका, तीन-चार ठिकाणी अर्ज करा. अर्जासोबत पहिल्या वर्षाच्या सगळ्या पेपरांचा अभ्यासक्रम जोडा. वेबसाइटवरची पीडीएफ अनेक ठिकाणी चालत नाही. प्रत प्रिंट करून प्रत्येक पानावर विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का घ्या, आणि पानांना क्रमांक घाला. हे काम सुट्टी लागण्याआधी उरका. मे महिन्यात सही करायला कोणी भेटत नाही.

निकाल लागला की मार्कशीट पाठवून नव्या कॉलेजकडून आणि त्यांच्या विद्यापीठाकडून प्रवेशाची लेखी संमती घ्या. कॉलेजनं हो म्हटलं पण विद्यापीठाची मंजुरी राहिली, तर ती संमती अर्धीच आहे. ते पत्र दाखवून जुन्या कॉलेजकडून ना-हरकत पत्र घ्या. ना-हरकत घेतल्यानं तुमचं नाव पटावरून कमी होत नाही, टीसी घेतल्यानं होतं. दोन्ही पत्रं हातात आल्यावर, आणि नवी फी भरायच्या दिवसापर्यंत थांबूनच, टीसीचा अर्ज द्या. लायब्ररी, लॅब, होस्टेल आणि जिमखान्याचं नो-ड्यूज आधी गोळा करून ठेवलं तर टीसी लवकर निघते.

दुसऱ्या विद्यापीठात जायला लागणारं मायग्रेशन सर्टिफिकेट कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. स्वायत्त कॉलेजात शिकत असाल तर मार्कशीट कॉलेजची असते, पण मायग्रेशन ज्या विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे त्याच्याकडूनच घ्यावं लागतं. अर्जाला टीसीची प्रत लागते का ते आधी बघा. लागत असेल तर नव्या कॉलेजकडून मायग्रेशन नंतर जमा करण्याची मुदत लेखी घ्या. मूळ मायग्रेशन हरवलं तर दुसरी प्रत काढायला प्रतिज्ञापत्रासकट बरीच दगदग होते. मिळाल्या दिवशीच रंगीत स्कॅन करून ठेवा.

मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही करून घ्या. आणि फॉर्ममध्ये ‘याआधी कुठे प्रवेश घेतला होता का’ असं विचारलं असेल तर खरं लिहा. नवं आयुष्य सुरू करायचं म्हणून जुनं वर्ष लपवण्याचा मोह होतो, पण अपारमध्ये ते दिसतंच, आणि खोटी माहिती हे प्रवेश रद्द करायला पुरेसं कारण असतं. एफवायला नापास झाल्याचं लिहिल्यानं पहिल्या वर्षाचा नवा प्रवेश सहसा अडत नाही.

पैसे आणि सवलती

महाराष्ट्र सोडल्यावर काय सुटतं, ते आधी घरी बसून मांडा. महाडीबीटीवरच्या राज्याच्या फी-सवलतीच्या अनेक योजना राज्यातल्या संस्थांपुरत्या आहेत. योजनेच्या अटींमध्ये राज्याबाहेरची संस्था चालते का, ही एक ओळ शोधा. ती स्पष्ट नसेल तर समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा, कॉलेजच्या क्लार्कच्या अंदाजावर राहू नका.

आरक्षणाचंही तसंच. महाराष्ट्राचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या कोट्यात चालत नाही, तिथे तुम्ही खुल्या प्रवर्गातले. केंद्रीय विद्यापीठांत मात्र केंद्राची यादी लागते. ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर वेगळं काढा, राज्याच्या नमुन्यातलं तिथे परत येतं. एसईबीसी (राज्याचा मराठा आरक्षणाचा) हा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही. त्यातल्यांनी उत्पन्न बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएस दाखल्याची चौकशी करावी.

जाण्याआधी तहसील किंवा सेतू केंद्रातून अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. पुढे एमबीए, एलएलबी किंवा बीएडसाठी महाराष्ट्रात परत यायचं झालं, तर राज्याच्या जागांसाठी ते लागतं. १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे आत्ता घरात आहेत, दूर राहून ते गोळा करणं कठीण जातं.

नव्या कॉलेजात फी भरून विचार बदलला तर युजीसीचा ऑक्टोबर २०१८ चा नियम माहीत असू द्या. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर १०० टक्के फी परत, १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९०. तारखेनंतर १५ दिवसांत ८०, पुढच्या १५ दिवसांत ५०, आणि ३० दिवसांनंतर काही नाही. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया खर्च म्हणून फीच्या ५ टक्के, कमाल ५,००० रुपये कापता येतात. आयोगानं एखाद्या वर्षासाठी याहून सोयीच्या तारखा दिलेल्या असू शकतात, त्या वर्षीचं परिपत्रक बघा.

याच नियमानं मूळ मार्कशीट आणि दाखले अडकवून ठेवायला कॉलेजला मनाई आहे. ‘उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मग टीसी न्या’ असं कोणी म्हणालं, तर वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. २०२३ च्या नियमांनुसार समितीनं १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथून काही झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. युजीसीच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

जाण्याचं कारण रॅगिंग असेल तर निघून जाण्याआधी ते नोंदवा. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. त्रास देणाऱ्यांमुळे तुम्हाला शहर सोडावं लागतंय, निदान त्याची नोंद तरी राहू द्या.

पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

आपल्याकडचे निकाल लांबतात आणि तिकडचे वर्ग जुलै-ऑगस्टमध्येच सुरू झालेले असतात. त्यामुळे उशिरा हजर होणाऱ्याची ७५ टक्के उपस्थिती पहिल्याच सेमिस्टरला अडचणीत येते. रुजू झाल्या दिवशी प्राचार्यांना अर्ज द्या की उपस्थिती प्रवेशाच्या तारखेपासून मोजावी, आणि पोच सांभाळून ठेवा. आधी होऊन गेलेल्या अंतर्गत चाचण्यांचं काय, तेही त्याच अर्जात विचारा. होस्टेलमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी घेतात, तुमचा नंबर उशिरा लागू शकतो. निदान दोन महिन्यांच्या पेइंग गेस्टचा खर्च धरून चला.

शेवटचा कागद एलिजिबिलिटीचा. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांना अनेक ठिकाणी तात्पुरता प्रवेश मिळतो, आणि मायग्रेशन जमा होऊन विद्यापीठानं पात्रता मंजूर केली की तो कायम होतो. ही फाइल कॉलेजच्या टेबलावरच पडून राहिली तर तिसऱ्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म अडतो, किंवा परीक्षा होऊन निकाल राखून ठेवला जातो. ऑक्टोबरच्या आत ऑफिसात जाऊन फाइल विद्यापीठाकडे गेली का ते विचारा, जावक क्रमांक लिहून घ्या, आणि जुन्या क्रेडिट्सची नोंद नव्या पीआरएनखाली (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आली आहे ना हे परीक्षा फॉर्म भरायच्या आधी डिजीलॉकरमध्ये उघडून बघा.