नामवंत डिझायनर आणला की ब्रँड चालतो? हिशेब मांडताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत आता पुढची पिढी गादीवर बसू लागली आहे. फॅशन डिझाइन शिकून आलेल्या या मुलामुलींना नुसता माल विकायचा नाही, स्वतःचा ब्रँड उभा करायचा आहे. ही जिद्द मला मनापासून आवडते. पण बोलता बोलता गुची या महागड्या इटालियन फॅशन ब्रँडचं उदाहरण निघतं आणि लगेच निष्कर्षही निघतो: दमदार क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे सगळ्या डिझाइनचा प्रमुख, मिळाला की माल आपोआप खपतो. या समजुतीवर घरचा पैसा लावण्याआधी गुचीचेच आकडे नीट वाचा.

सगळं श्रेय एकाच्या पदरात टाकणं

जानेवारी 2015 मध्ये अलेस्सांद्रो मिकेले गुचीचा क्रिएटिव्ह डायरेक्टर झाला. त्या वर्षी विक्री साधारण 3.9 अब्ज युरो होती, 2019 मध्ये ती 9.6 अब्जांवर गेली. टाच उघडी आणि आत फरचं अस्तर असलेले त्याचे लोफर (बिनलेसचे बूट) लोकांनी अक्षरशः उचलले. त्याच्याशिवाय ते बनलेच नसते, हे मान्यच करायला हवं.

पण त्याच महिन्यात मार्को बिझारी हा नवा सीईओही आला होता, हे आपण विसरतो. त्याने सीझनअखेरचे सेल बंद केले, दुकानांचं रूप बदललं. 2018 मध्ये फ्लॉरेन्सजवळ चामड्याच्या वस्तू आणि बुटांचे नमुने बनवणारं मोठं केंद्र सुरू झालं. डिझाइन मिकेलेचं, पण ते वेळेवर, हव्या त्या संख्येने आणि पूर्ण भावात विकणारी यंत्रणा दुसऱ्यांनी उभी केली. एकाला वगळून दुसऱ्याचा हिशेब लागत नाही.

तारखा न जुळवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महागात पडते. मिकेले नोव्हेंबर 2022 मध्ये बाहेर पडला आणि 2024 पर्यंत गुचीची विक्री 7.65 अब्ज युरोंवर घसरली. मग लोक म्हणतात, तो गेला आणि धंदा बसला.

आता तारखा लावून बघा. 2022 च्या शेवटच्या तिमाहीतच विक्री घटलेली होती आणि तेव्हा दुकानात मिकेलेचाच माल होता. त्याच्या जागी आलेल्या साबातो दे सार्नोचा पहिला शो सप्टेंबर 2023 मध्ये झाला. शोमधला माल दुकानात पोहोचायला पाच-सहा महिने जातात, म्हणजे त्याचे कपडे 2024 उजाडल्यावर आले. 2023 च्या घसरणीचं खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत नाही. पुढे चीनमधली मागणीही मंदावली. फेब्रुवारी 2025 मध्ये दे सार्नोला जावं लागलं. इतक्या कमी वेळात कुणाचीही पारख होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून विक्रीचा आकडा दिसला की आधी विचारा: त्या महिन्यांत कपाटात माल कुणाचा होता?

माणूस बघणं, घर न बघणं

डॅनियल ली हा डिझायनर 2018 मध्ये बोत्तेगा वेनेता या चामड्याच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध इटालियन ब्रँडमध्ये आला. तिथली ओळख म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांची वीण. त्याने ती वीण मोठी, फुगीर केली आणि बॅगा गाजल्या. 2022 मध्ये तोच माणूस बर्बेरी या ब्रिटिश ब्रँडमध्ये गेला. तिथे गिऱ्हाईक येतं ट्रेंच कोट (पट्ट्याचा लांब पावसाळी कोट) आणि चौकड्यांच्या मफलरसाठी. कंपनीने मात्र महागड्या बॅगांवर भर दिला. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात बर्बेरीची विक्री 17 टक्क्यांनी घटून सुमारे 2.46 अब्ज पौंडांवर आली. 2024 मध्ये आलेल्या नव्या सीईओने डिझायनर तोच ठेवून पुन्हा कोट-मफलरवर जोर दिला.

एर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडचं उदाहरण तर अगदी उलट टोकाचं आहे. 1984 ची बर्किन बॅग आजही मागितली की लगेच मिळत नाही, मग रॅम्पवरचे कपडे कुणाचेही असोत.

आपल्याकडे काय करायचं

भौगोलिक मानांकन असलेली सोलापुरी चादर हा आपला ट्रेंच कोट आहे. डिझायनर बोलवा, जरूर बोलवा, पण पहिल्या दिवशी त्याला केबिनमध्ये न बसवता जेकार्ड मागापाशी (नक्षी विणणाऱ्या मागापाशी) उभं करा. बाण्यात (आडव्या धाग्यात) किती रंग घेता येतात, डिझाइन बदलायला किती वेळ माग बंद राहतो, हे त्याने डोळ्यांनी बघू द्या. नाहीतर कागदावर देखणी दिसणारी चादर मागावर चढतच नाही, किंवा चढली तर भाव असा होतो की नवी पेठेतला व्यापारी हात लावत नाही.

भाव ठरवणं, व्यापाऱ्यांशी बोलणं, उधारी सांभाळणं हे काम त्याच्या गळ्यात घालू नका. त्यासाठी घरातला एक खमका माणूस नेमा. निदान दोन लग्नसराया तरी डिझायनरला द्या. चालू माल बंद करू नका, त्याच्याच जिवावर हा प्रयोग तग धरणार आहे. आणि पहिल्या वर्षी एकूण विक्रीपेक्षा एवढंच मोजा: नवं डिझाइन एकदा नेलेल्या किती व्यापाऱ्यांनी तेच पुन्हा मागवलं.