ऱ्होडोडेंड्रॉन मलूल पडलंय? फवारणीआधी खोडाचा तळ आणि पानाची मागची बाजू बघा

झुडूप माना टाकू लागलं की बहुतेक जण आधी पाणी वाढवतात आणि मग बुरशीनाशक फवारतात. मुळकूज असेल तर पाण्याने झाड आणखी लवकर मरतं, आणि पानांवर मारलेलं बुरशीनाशक कुजलेल्या मुळांना वाचवत नाही. म्हणून औषध नंतर, तपासणी आधी.

कडक उन्हात दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी सावरली, तर तो आजार नाही. गोठवणाऱ्या थंडीत पानं विडीसारखी गुंडाळली जातात, तेही नैसर्गिक आहे. पण माती ओली असूनही सकाळी पानं लोंबलेलीच असतील, तर खोडाजवळची माती बाजूला करा. जमिनीलगत खोडाची साल चाकूने अगदी पातळ खरवडा. आत हिरवट पांढरा थर दिसला तर खोड निरोगी आहे. लालसर तपकिरी रंग दिसला आणि बारीक मुळं काळपट, मऊ, सोलली जाणारी निघाली, तर ती फायटोफ्थोराची (मातीतल्या बुरशीसारख्या रोगजंतूची) मुळकूज समजा. इतकं पसरल्यावर झाड वाचत नाही. ते मुळांसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका आणि त्याच खड्ड्यात दुसरं ऱ्होडोडेंड्रॉन लावू नका. नवं झाड उंच वाफ्यावर लावा आणि मुळांच्या गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीच्या थोडा वर राहू द्या. या झुडपाची मुळं वरच्या थरातच पसरतात. त्यामुळे खोल लागवड आणि साचलेलं पाणी त्याला सगळ्यात जास्त नडतं.

सगळं झाड ठीक असताना एकच फांदी वाळत असेल तर तो वेगळा रोग, बोट्रिओस्फेरिया बुरशीची फांदीमर. फांदी आडवी कापली की लाकडात तपकिरी डाग दिसतो. लाकूड पूर्ण स्वच्छ लागेपर्यंत खाली खाली छाटत जा आणि प्रत्येक कापानंतर सिकेटर (छाटणीची कात्री) 70 टक्के अल्कोहोलने पुसा. पाण्याचा ताण आणि जखमा यांमुळे हा रोग शिरतो, म्हणून कोरड्या काळात मुळांशी खोलवर पाणी पोचायला हवं.

आता पानं. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. मातीत लोह नसतं असं क्वचितच होतं. मातीचा सामू (pH) चढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. सामू 4.5 ते 6 असावा. जवळ चुना किंवा सिमेंटची भिंत आहे का तेही पाहा. चिलेटेड लोहाने (झाडाला सहज घेता येणाऱ्या रूपातल्या लोहाने) पानं लवकर हिरवी होतात, पण सामू उतरवायला गंधक हवं आणि त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. ॲल्युमिनियम सल्फेट मात्र टाळा, ॲल्युमिनियम या मुळांना बाधतं. फक्त जुनी, आतली पानं पिवळी होऊन गळत असतील, तर बहुतेक वेळा त्यांचं आयुष्य संपलेलं असतं.

पानावर वरून फिकट, बारीक ठिपके असतील तर पान उलटा. डांबराच्या थेंबांसारखे काळे डाग दिसले तर लेस बग, म्हणजे पानातला रस शोषणारा बारीक किडा. याची अंडी मागच्या बाजूच्या शिरांलगत हिवाळा काढतात आणि वसंतात फुटतात. पिल्लं दिसताच कीटकनाशक साबण लिटरला 10 ते 20 मि.ली. घेऊन फवारा (लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा). फवारा खालून वर बसला पाहिजे; वरून मारलेलं वाया जातं. 7 ते 10 दिवसांनी पुन्हा एकदा. भर उन्हात फवारू नका. भर उन्हातल्या झुडपांवर ही कीड जास्त वाढते, त्यामुळे दरवर्षी त्रास होत असेल तर विरळ सावलीची जागा शोधा.

मागच्या बाजूला एकसारखी तपकिरी किंवा रुपेरी लव असेल तर घाबरू नका, कित्येक जातींना ती जन्मतःच असते. वर पिवळसर डाग आणि नेमक्या त्यांच्याच खाली बुरशीचे ठिगळ असतील, तरच भुरी समजा.

पानांच्या कडा कुरतडून खाचा पडल्या असतील, तर रात्री टॉर्च घेऊन पाहा. व्हाइन वीव्हिल नावाचा काळा सोंडकिडा सापडेल. खाचांनी फारसं बिघडत नाही. खरं नुकसान मातीतल्या मलईरंगी, बिनपायांच्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या करतात, कारण त्या मुळं आणि बुंध्याची साल खातात. उन्हाळ्याच्या अखेरीस ओल्या मातीत कीडभक्षक सूत्रकृमी सोडा. त्यांतली स्टाइनरनेमा क्राउसेई ही जात 5 अंश सेल्सिअसपुढच्या मातीत काम करते, म्हणून थंड भागात तीच घ्या.

कळ्या तपकिरी होऊन झाडावरच राहिल्या, तर भिंगातून पाहा. टाचणीच्या डोक्यासारखे काळे केसाळ ठिपके म्हणजे कळीकरपा; ते नसतील तर बहुधा गोठवणाऱ्या थंडीचा फटका. करपलेल्या कळ्या हाताने खुडून नष्ट करा.

फुलोऱ्यात मधमाश्या येतात, तेव्हा कोणतंही कीटकनाशक नको. छाटलेला पाला जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नका, त्यातलं ग्रायानोटॉक्सिन विषारी असतं.