थाई शिकायला बसण्याआधी

बँकॉकला राहायला येऊन दोन-तीन महिने झाले की भाषा शिकायची ओढ लागते आणि पहिली चौकशी होते ती फीची. फी नंतर विचारा. आधी वहीत लिहा, की थाई बोलायची कोणाशी. भाजीवालीशी, मुलांच्या शाळेतल्या बाईंशी, की ऑफिसात? बाजारापुरतं बोलणं काही महिन्यांत जमतं. शाळेतून आलेली चिठ्ठी स्वतः वाचायची असेल, तर लिपी हवी आणि वर्षभराची तयारी हवी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात अधिकाऱ्यांना थाई शिकवतात, तिथे 44 आठवडे आणि 1100 तास धरतात. ते हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचे. मराठी माणसाची सुरुवात थोडी पुढून होते.

कागदपत्रांचं एकदाच नीट बघून घ्या. तुमच्याकडे नोकरीचा किंवा जोडीदारामुळे मिळालेला व्हिसा असेल, तर शिकण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. शिक्षणाचा, म्हणजे ‘ईडी’ व्हिसा हवा असेल, तर शाळेला शिक्षण मंत्रालयाची मान्यता आहे ना, हे विचारा. त्या व्हिसावर हजेरी सांभाळावी लागते, नोकरी करता येत नाही आणि मुदतवाढीच्या वेळी अधिकारी थाईत दोन प्रश्न विचारू शकतात. मुदतवाढीचे 1900 बाट, दर 90 दिवसांनी पत्त्याची नोंद आणि देशाबाहेर जाण्याआधी री-एंट्री परमिट, एवढं डायरीत टाका. परमिट न घेता दिवाळीला पुण्याला गेलात, तर मिळालेली मुदत तिथेच संपते. घरमालकाने टीएम 30, म्हणजे परदेशी माणूस घरात राहतोय हे कळवण्याचा फॉर्म, भरला आहे का, तेही पाहून ठेवा. केवळ व्हिसा मिळतो म्हणून शाळा निवडू नका, हे मात्र मनापासून सांगते.

शाळा निवडताना मी एकच गोष्ट बघते: तिथे तुमचा सूर कोण दुरुस्त करतं? थाईत पाच सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘क्लाइ’ सपाट म्हटलं की लांब, वरून खाली आणत म्हटलं की जवळ. पहिल्याच महिन्यात दुकानातल्या मावशींना मी दवाखाना जवळ आहे का, असं विचारलं होतं. मला वाटलं तसं. तोंडून गेलं सपाट, म्हणजे ‘लांब आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘माइ क्लाइ’, लांब नाही. मी ऐकलं ‘जवळ नाही’. तापाने फणफणलेल्या लेकाला घेऊन टॅक्सीत बसले आणि टॅक्सी पुढच्या गल्लीचं वळण घेऊन थांबली.

म्हणून पैसे भरण्याआधी एक तास वर्गात बसून बघा. मी बसले होते त्या वर्गात बाई हवेत हाताने सुराची रेघ काढायच्या आणि चुकलं की थांबवायच्या. पाचव्यांदा चुकलं तरी थांबवायच्या. दुसरीकडे सगळ्यांना ‘छान, छान’ म्हणत धडा पुढे सरकत होता. तिथे वेळ घालवू नका. वर्गात किती जण आहेत, तेही मोजा. पंधरा जणांत तुमच्या वाट्याला बोलायला मिनिटं किती येणार?

बँकॉकमध्ये अशोक स्थानकाच्या आसपास बऱ्याच खासगी भाषाशाळा आहेत. बीटीएस स्कायट्रेन आणि एमआरटी मेट्रो तिथे एकमेकींना मिळतात, त्यामुळे जाणं सोपं. रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये जाणार असेल, तर कितीही चांगली शाळा टिकत नाही. कसून शिकायचं असेल, तर चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे: नऊ पायऱ्या, एकेक पायरी 100 तासांची. लहान मूल घरात असताना मला तो झेपला नसता. भाषातज्ज्ञ जे. मार्विन ब्राउन यांनी 1984 मध्ये इथल्या एयूए या भाषाशिक्षण केंद्रात वेगळीच पद्धत आणली होती: शेकडो तास नुसतं ऐकायचं, बोलायची घाई नाही. त्या धर्तीचे व्हिडिओ आज यूट्यूबवर फुकट आहेत, स्वयंपाक करताना लावून ठेवा. उत्तरेला चिआंग माईला राहत असाल, तर शाळेत बँकॉककडची प्रमाण म्हणजे मध्य थाई शिकाल आणि बाजारात तिकडची ‘खाम मुआंग’ बोली कानावर पडेल, ही मनाची तयारी ठेवा.

लिपी पहिल्या महिन्यातच सुरू करा. रोमनमध्ये भात, पांढरा, बातमी, गुडघा, डोंगर आणि आत शिरणं, सगळ्यांचं स्पेलिंग एकच होऊन बसतं. ऱ्हस्व-दीर्घही कळत नाही. लिपी येईपर्यंत टिपणं देवनागरीत काढा. क-ख, त-थ, प-फ हा फरक थाईला लागतो आणि तो आपल्याला बालवाडीपासून येतो. फक्त फ म्हणायचा तो ‘फळ’मधला. व्यंजनं 44 असली, तरी दोन आता वापरात नाहीत आणि क्रम आपल्याच क-वर्ग, च-वर्गासारखा आहे, त्यामुळे शब्दकोश उघडायची भीती वाटत नाही. लहान मुलांची गिरवायची वही विकत घ्या, फोनवर थाई कीबोर्ड टाका.

एक वही ओळखीच्या शब्दांची ठेवा. ‘आहान’ म्हणजे जेवण, आपला आहार. ‘थनाखान’ म्हणजे बँक, धनागार. ‘थोरथत’ म्हणजे टीव्ही, आणि त्यात दूर आणि दर्शन दोन्ही आहेत! शाकाहारी असाल, तर ‘मंगसविरत’ पाठ करा. मांस आणि विरती. पण भुलू नका: ‘प्रथेत’ हा आपला प्रदेश, तिथे मात्र त्याचा अर्थ देश.

एप्रिलच्या 13 ते 15 तारखांना सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची सुट्टी असते, तेव्हा प्रवेश त्याच्या नंतरचा घ्या. आणि वर्ग सुरू होण्याआधी गल्लीतलं एक माणूस ठरवून ठेवा. माझ्यासाठी त्या दुकानातल्या मावशीच होत्या. त्यांना सांगितलं होतं, माझ्याशी थाईच बोला आणि ‘क्लाइ’ चुकले, तर सामान देऊ नका. दोन आठवडे त्यांनी दुधाची पिशवी हातात धरून ठेवली, नीट म्हणेपर्यंत.