विशाखा समितीकडे जायचंय? आधी पोच घ्या

तालुक्याच्या एका कॉलेजात मी 29 वर्षं ऑफिसात काढली, त्यातली बरीचशी आवक-जावकच्या टेबलावर. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर शिक्षकेतर प्रतिनिधी म्हणून दोन टर्म होते. मला वकिलाएवढा कायदा येत नाही, पण कागद येतो. आणि या कामात निम्मी लढाई कागदाचीच असते.

बोर्डावर नाव असतं ‘अंतर्गत तक्रार समिती’. स्टाफरूममध्ये अजून सगळे ‘विशाखा’च म्हणतात, 1997 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावरून. पुढे 2013 चा कायदा आला, मग खास कॉलेजांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2015 चे नियम. नाव कुठलंही घ्या, दार एकच.

एकदा एक मुलगी खिडकीवर बोनाफाईड मागायला आली. सर्टिफिकेट हातात पडलं तरी हलेना. मग हळूच म्हणाली, "काकू, मी सरांना तीनदा सांगितलंय." काय सांगितलं ते मी विचारलं नाही. "लिहून दिलंस का?" एवढंच विचारलं. दिलं नव्हतं. सर पहिल्यांदा "बघतो" म्हणाले होते, दुसऱ्यांदा "परीक्षा होऊ दे", तिसऱ्यांदा "तू लक्षच देऊ नकोस". मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मोजलं, तर शेवटच्या प्रकाराला 81 दिवस झालेले. तक्रारीची मुदत तीन महिने. प्रकार पुन्हापुन्हा घडला असेल तर शेवटच्या दिवसापासून मोजायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये. तिच्याबद्दल याहून जास्त सांगणार नाही. समितीतलं बाहेर बोलायचं नाही, हाही कायदाच आहे.

तर आधी लिहा. ‘त्यांची वागणूक योग्य नाही’ असं मोघम नको. तारीख, वार, वेळ, जागा. ‘लॅबच्या मागच्या बाकाजवळ, प्रॅक्टिकल संपल्यावर’ असं. समोरचा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, घाण असलं तरी. लाजून ‘अपशब्द वापरले’ लिहिलं की चौकशीत त्याला पळवाट मिळते. कोणी पाहिलं असेल तर त्यांची नावं द्या. मेसेजचे स्क्रीनशॉट लावा, पण मूळ चॅट फोनमधून पुसू नका आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. लिहिणं जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नव्हे. आणि झेरॉक्स कॉलेजच्या गेटसमोर काढू नका. तो दुकानदार सगळ्यांना ओळखतो. 2013 च्या कायद्याच्या नियमांत सहा प्रती लिहिल्या आहेत. सहा काढा, सातवी स्वतःला.

आता माझ्या टेबलाची गोष्ट. तक्रार उघडी दिली तर क्लार्क वाचणार, शिपाई वाचणार, दुपारच्या चहापर्यंत गावभर. म्हणून तक्रार बंद लिफाफ्यात घाला, वर ‘गोपनीय’ लिहा आणि समितीच्या अध्यक्षांचं पद लिहा. सोबत एका ओळीचं वेगळं पत्र: ‘सोबत बंद लिफाफा सादर करीत आहे, कृपया स्वीकारावा.’ या पत्राच्या दोन प्रती. एक ऑफिसला, दुसरीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही. हीच तुमची पोच. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो." जाऊ नका. तिथेच उभ्या राहा. मी स्वतः क्लार्क होते म्हणून सांगते, ‘नंतर’ नावाचं रजिस्टर ऑफिसात नसतं.

शिक्का पडला की घड्याळ सुरू. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, दहा दिवसांत त्याने उत्तर द्यायचं, 90 दिवसांत चौकशी पूर्ण करायची. मधल्या काळात त्याने तुमचे पेपर तपासू नयेत, तुमच्यापासून लांब राहावं, तुमची किंवा त्याची तुकडी बदलावी, हे तुम्ही मागू शकता. तीन महिन्यांपर्यंतची रजाही. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, म्हणून तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदातच लिहून टाका.

समितीत कोण आहे तेही बघा. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका हवी, निम्म्या तरी बायका हव्यात, बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य हवा. विभागप्रमुख, डीन समितीत चालत नाहीत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत, तेही निवडून आलेले. प्रत्यक्षात वर्गातल्या दोन हुशार मुलींची नावं परस्पर टाकतात. मला ते कधीच पटलं नाही. समितीच नेमली नसेल तर कायद्यात 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

मग येतो तो फोन. "पालकांना घेऊन या, बसून मिटवू." समेट होतो, पण मागणी तुमच्याकडून यायला हवी, आणि त्यात पैशाचा व्यवहार चालत नाही. "सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल" असंही घाबरवतात. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून कारवाई होत नाही. मुद्दाम खोटं बोलल्याचं ठरावं लागतं.

सहल, एनएसएसचं शिबिर, इंटर्नशिप, कॉलेजची बस, सगळं कॅम्पसमध्येच धरतात. मुलग्यांवर असा प्रकार झाला तर कॉलेजला हात झटकता येत नाहीत. होस्टेलवर रॅगिंग असेल तर आपल्या राज्याचा 1999 चा वेगळा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश बंद.

पोलिसांकडे जायला समितीची परवानगी लागत नाही, दोन्ही बरोबर चालतं. पाठलाग, अंगाला हात लावणं, चोरून फोटो काढणं हे सगळे भारतीय न्याय संहितेतले गुन्हे आहेत. सहलीत रत्नागिरीला घडलं तरी सांगलीच्या ठाण्यात शून्य एफआयआर नोंदवता येतो, आणि त्याची प्रत फुकट मिळते. ताबडतोबीला 112 नंबर फिरवा. अकरावी-बारावीची, 18 च्या आतली मुलगी किंवा मुलगा असेल तर तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याचा मामला. तिथे समितीच्या बैठकीची वाट बघत बसायचं नसतं, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं.

निकालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळते, ती मागून घ्या. पटला नाही तर अपील करायला 30 दिवस, आणि ते शिफारशीच्या तारखेपासून मोजतात, पाकीट तुमच्या हातात पडल्यापासून नाही. म्हणून पाकीट फोडल्याफोडल्या आधी खालची तारीख बघा.