आतड्यासाठी नवा धागा तपासताय? या चुका टाळा

दरवर्षी प्रबंधाचे विषय ठरायला लागले की माझ्या टेबलावर असा एखादा तरी प्रस्ताव येतोच: शरीरात विरघळणारा नवा धागा, आतड्याची कापलेली टोकं शिवून केलेल्या जोडावर त्याची चाचणी. मुलं उत्साहात असतात. आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, 'हा धागा नेहमीच्या धाग्यापेक्षा दीडपट मजबूत असल्याने जोड गळण्याचं प्रमाण कमी होईल.'

होणार नाही. जोड गळला म्हणून पोट पुन्हा उघडावं लागतं, तेव्हा धागा तुटलेला क्वचितच सापडतो. गाठ जागच्या जागी असते, धाग्याचा वेढाही शाबूत असतो. त्या वेढ्यात धरलेलं आतडं मात्र कापलं गेलेलं असतं, नाहीतर रक्त न मिळून काळं पडलेलं असतं. अमेरिकी औषधसंहितेनुसार ३-० नंबरच्या कृत्रिम विरघळणाऱ्या धाग्यानं गाठीपाशी सरासरी किमान १.७७ किलो ताण सोसायला हवा. आतड्याची भिंत त्याच्या कितीतरी आधी फाटते. म्हणून धागा हवेत ताणून आलेला आकडा घेऊन माझ्याकडे येऊ नका. तो धागा ओल्या, मऊ, सुजलेल्या भिंतीला न कापता किती धरून ठेवतो, ते दाखवा.

ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, ती चुकीच्या दिवशी मोजण्याची. आतडं जोडल्यावर पहिल्या दिवसापासून ताकद वाढत जाते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. जखमेच्या कडेचं जुनं कोलॅजन, म्हणजे भिंतीला ताकद देणारं प्रथिन, विकरांमुळे आधी विरघळतं आणि नवं कोलॅजन नंतर भरतं. त्यामुळे साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोड सगळ्यात कमजोर असतो आणि तेवढे दिवस तो जवळजवळ टाक्यांच्याच भरवशावर असतो. धाग्याची खरी परीक्षा तेव्हा असते. आठवडा उलटल्यावर आतड्यात दाब वाढवत नेला, तर ते बऱ्याचदा जोडाशेजारच्या निरोगी भागात फुटतं. मग तो आकडा ना जोडाचा, ना धाग्याचा.

काही वर्षांपूर्वी एका निवासी डॉक्टरनं चोवीस उंदरांवर काम केलं. टाके अतिशय सुबक होते, आजही मी त्याचे फोटो नव्या मुलांना दाखवते. पण सगळे प्राणी त्यानं चौदाव्या दिवशी तपासले. कारण विचारलं तर म्हणाला, "मॅडम, टाके चौदाव्या दिवशी काढतात ना, म्हणून." चोवीसपैकी एकही आतडं जोडावर फुटलं नव्हतं. निष्कर्षात त्यानं लिहिलं, 'दोन्ही धागे सारखेच सुरक्षित.' मी ते वाक्य काढायला लावलं, कारण त्या प्रयोगानं सुरक्षिततेचा प्रश्न विचारलाच नव्हता. पुन्हा प्रयोग करायला वेळ नव्हता, आणि त्याच प्रश्नासाठी आणखी चोवीस जीव कोणत्या तोंडानं मागायचे? त्या आराखड्यावर सही माझीही होती आणि ते मला अजून टोचतं. तेव्हापासून आराखड्यात तिसरा किंवा चौथा दिवस आणि सातवा दिवस दिसला नाही, तर तो मी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे जाऊच देत नाही. वेळ कमी आहे ही सबब मी ऐकून घेत नाही. प्राणी वापरायचे तर त्यांच्या जिवाच्या बदल्यात काहीतरी उत्तर मिळालंच पाहिजे.

याच्याच जोडीला 'धागा जास्त दिवस टिकतो' ही फुशारकी येते. पॉलिग्लॅक्टिन आणि पॉलिडायॉक्सॅनोन हे नेहमीचे विरघळणारे कृत्रिम धागे. पॉलिग्लॅक्टिनमध्ये दोन आठवड्यांनी सुमारे पाऊण आणि तीन आठवड्यांनी निम्मी ताकद उरते. पॉलिडायॉक्सॅनोनची निम्मी ताकद चार आठवड्यांच्या आसपास टिकते. आतड्याचं भागतं त्याच्या बरंच आधी. नव्या धाग्याला महिनाभर ताकद पुरत असेल तर पोटाच्या भिंतीसाठी विचार करा, आतड्यात तो गुण आपोआप जमेला धरू नका.

दुसरी चूक स्वस्तातल्या शॉर्टकटची. जिवंत प्राण्यावर जाण्याआधी खाटकाकडच्या आतड्यावर सराव आणि प्राथमिक चाचणी करा, असं मीच सांगते. शेळीचं आतडं सहज मिळतं आणि त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. पण ते कसं आणायचं हे कोणी विचारत नाही.

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचे आकडे आठवडेच्या आठवडे विचित्र येत होते. दाब मोजायला शिवलेल्या आतड्यात पाणी भरायला लागलं की धागा भिंतीतून सुरीसारखा सरकायचा. नवा धागा आतडं कापतो, असं तिनं लिहूनही टाकलं होतं. मी एक तुकडा हातात घेतला. ताजं आतडं दोन बोटांत धरून चोळलं की आतला थर बाहेरच्या थरावर सरकतो, चिमटीत ते स्पष्ट कळतं. इथे काहीच सरकेना. भिंत पातळ आणि एकजीव, उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसावी अशी, आणि कडा आखडलेल्या. "कुठून आणलंस?" "नेहमीच्याच दुकानातून, मॅडम. ते अगदी स्वच्छ करून देतात." म्हणजे वजडीसाठी करतात तसं: काडीवर उलटं करून, कढत पाण्यातून काढून, खरवडून.

आतड्यात टाका धरतो तो श्लेष्मल आवरणाखालचा थर, सबम्युकोसा. अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून १८८७ मध्येच हे मांडलं. जुना कॅटगट धागा बनायचा तोही मेंढीच्या आतड्यातल्या याच कोलॅजनपासून. साठ-पासष्ट अंशांपुढे हे कोलॅजन आखडतं आणि त्याचा पीळ जातो. म्हणजे जो थर टाका धरतो, तोच दुकानात शिजून निघाला होता, आणि दोष मात्र धाग्याच्या माथी बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. पाणी लावू नका, पिळू नका, आतड्याला लागलेला पडदा तसाच ठेवा, एवढं समजावून सांगितलं. मालकांनी मन लावून ऐकलं आणि हातभर लांबीचे तुकडे स्वतः कापून दिले. बर्फात ठेवलेल्या थंड सलाइनमध्ये ते आणले. चार तासांपलीकडे मी असा तुकडा वापरत नाही आणि फ्रीजरमध्ये तर कधीच ठेवत नाही. त्या सकाळी दोन्ही धाग्यांचे आकडे पहिल्यांदा एकमेकांशी सुसंगत आले. तिनं जुनी वही बाजूला ठेवून नवी सुरू केली, आणि मला ते फार आवडलं.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते.

सुई तीच ठेवा. नेहमीचा धागा कारखान्यातून सुईला जोडून आलेला आणि नवा धागा नेढ्यातून दुहेरी ओवलेला, अशी तुलना मी निदान पाच वेळा पाहिली आहे. दुहेरी धागा मोठं भोक पाडतो आणि पाणी त्या भोकातून झिरपतं.

नंबर सारखा म्हणजे जाडी सारखी, असं समजू नका. कॅटगटचा ३-० हा कृत्रिम धाग्याच्या ३-० पेक्षा जाड असतो. व्यास स्वतः मोजा.

पाणी हातातल्या सिरिंजनं ढकलू नका. आतड्याची भिंत सावकाश ताणली जाते, त्यामुळे भरण्याचा वेग बदलला की फुटण्याचा दाबही बदलतो. सिरिंज पंप वापरा आणि वेग लिहून ठेवा. पाण्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घाला, म्हणजे पहिला थेंब कुठून आला ते दिसेल. मला फुटण्यापेक्षा तो पहिला थेंब महत्त्वाचा वाटतो. आणि दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये की पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, हे प्रत्येक तक्त्यावर लिहा.

धागा यंत्राच्या जबड्यातच तुटला, तर तो आकडा फेकून द्या. धागा गोल खुंटीला वेढा देऊन पकडा.

एकसंध तंतूचा धागा गुळगुळीत असतो, त्याची गाठ सुटते. किती फेरे घातले आणि शेपूट किती मिलिमीटर ठेवलं, हे न लिहिता गाठीबद्दल काही म्हणू नका.

फक्त फॉस्फेटच्या द्रावणात ठेवून विरघळण्याचा वेग सांगू नका. लहान आतड्यात पित्त असतं, स्वादुपिंडाचा रस असतो, आणि अल्कधर्मी रसात पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा धागा लवकर खचतो.

असले कृत्रिम विरघळणारे धागे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालू नका, आणि उघडलेलं पाकीट तर मुळीच ठेवू नका. मुंबईच्या पावसाळी हवेत शनिवारी उघडं राहिलेलं पाकीट सोमवारी माझ्या हिशेबी कचरा. हे धागे पाण्यानंच विरघळतात, म्हणून तर ते ओल न शिरणाऱ्या पाकिटात येतात.

आणखी एक, जे मान्य करायला तरुण सर्जनांना जड जातं. सकाळी सगळे टाके जुन्या धाग्याचे आणि दुपारी सगळे नव्याचे घालू नका. दुपारपर्यंत हात बसलेला असतो, नाहीतर थकलेला असतो. कुठला धागा कधी हे चिठ्ठ्या काढून ठरवा आणि दाब मोजणाऱ्याला धाग्याचं नाव सांगू नका. तसंच, पहिले दहा जोड सरावाचे समजून हिशेबातून वगळा, आणि हे आधीच आराखड्यात लिहा. आकडे पाहिल्यावर कुठले वगळायचे हे ठरवणाऱ्याच्या प्रबंधावर मी सही करत नाही.

टाका आवळताना कडा पांढरी पडली, तर तिथेच थांबा, टाका कापा आणि पुन्हा घाला. नवा धागा मजबूत आहे म्हणून हात जास्त ओढतो, हे मी प्रत्येक तुकडीत पाहते. म्हणून माझ्या प्रयोगशाळेत नवा धागा हातात घेणाऱ्यानं पहिला आठवडा फक्त आवळायचा सराव करायचा असतो. मी शेजारी उभी राहते आणि कडेचा रंग बघते.