सीपीपीची देखभाल: या चुका टाळा

कंट्रोलेबल पिच प्रोपेलर, म्हणजे सीपीपी, हा ब्लेडचा कोन (पिच) चालत्या जहाजावर बदलता येणारा पंखा. त्याचं हब, म्हणजे ब्लेड बसवलेला मधला गड्डा, पाण्याखाली असतं आणि ते उघडून बघायची संधी साधारणपणे ड्रायडॉकमध्येच (जहाज पाण्याबाहेर घेतल्यावर) मिळते. मधल्या काळात आतली खबर तेल देतं आणि ओडी बॉक्सवरचा (फिरत्या शाफ्टमध्ये तेल सोडणाऱ्या पेटीवरचा) पिच दाखवणारा काटा देतो. टँक भरून आणि अलार्म रिसेट करून ती खबर पुसून टाकणं, हीच मुळातली चूक.

लेव्हल उतरली, तेल ओतलं, विषय संपला

हबला तेल पुरवणारा हेडर टँक उंचावर असतो तो हबमधला दाब बाहेरच्या समुद्राच्या दाबापेक्षा जास्त राहावा म्हणून. ब्लेडच्या पायाचं सील झिजलं की आधी तेल बाहेर जातं, पाणी आत येत नाही. त्यामुळे उतरणारी लेव्हल ही बहुधा सीलची पहिली तक्रार असते, आणि ते तेल समुद्रात जात असल्यामुळे चीफ इंजिनिअरला लगेच कळवायलाच हवं. किती लिटर ओतलं, कधी, किती ड्राफ्टवर (जहाज पाण्यात किती खोल असताना), हे लिहिलेलं नसेल तर गळती वाढतेय का ते सांगता येत नाही. लेव्हल दर वेळी एकाच स्थितीत बघा: पंप चालू, पिच तीच, तेलाचं तापमान जवळपास तेच.

कारण नसताना लेव्हल चढत असेल तर काळजी जास्त. तेल दुधाळ होईपर्यंत थांबू नका. सिस्टिम थांबलेली असताना सॅम्पल घेऊ नका. पंप चालू असताना, ब्लेड दोन्ही बाजूंना फिरवून, रिटर्न लाइनवरून घ्या. पाणी सापडलं तर ते खारं आहे की गोडं ते तपासा. खारं असेल तर पहिला संशय सीलवर. गोडं असेल आणि तेलाचा कूलर गोड्या पाण्यावर चालत असेल तर आधी कूलरची प्रेशर टेस्ट करा. नुसतं प्युरिफायर लावून पाणी काढत राहिल्यानं वाट बंद होत नाही.

अमेरिकेच्या 2013 च्या व्हेसल जनरल परमिटनंतर (जहाजातून पाण्यात काय सोडता येतं याच्या नियमांनंतर) बऱ्याच जहाजांवर पर्यावरणस्नेही तेलं आली. त्यातली एस्टरवर आधारलेली तेलं पाण्यानं विघटित होऊन आम्लता वाढवतात, म्हणून तिथे अ‍ॅसिड नंबरकडेही (तेलातल्या आम्लतेच्या मापाकडे) बघा. तेल बदलण्याआधी सीलच्या रबराला ते चालतं का, हे मेकरला विचारा.

पॅनेलवरून शून्य जुळवणं

ब्रिजवर पिच शून्य, म्हणजे ढकल नाही, असं दिसतंय आणि जहाज सरकतंय, की लगेच इलेक्ट्रॉनिक शून्य हलवायचं, ही मला सगळ्यात घातक सवय वाटते. आधी ब्रिज, ईसीआर (इंजिन कंट्रोल रूम) आणि ओडी बॉक्सवरचा यांत्रिक काटा ही तिन्ही वाचनं एकाच वेळी लिहा. काटा बरोबर आणि ब्रिज चुकीचा असेल तर ट्रान्समीटर किंवा त्याची लिंक तपासा. तिन्ही जुळत असतील तर शाफ्टमधला फीडबॅक पाइप (हबमधली खरी पिच काट्यापर्यंत पोचवणारा) किंवा त्याचं कपलिंग संशयात येतं. तेल तापल्यावर हा पाइप लांबतो, त्यामुळे थंडीत जुळवलेलं शून्य गरम अवस्थेत थोडं सरकलेलं दिसू शकतं. शंका राहिलीच तर शाफ्ट थांबवून, इंजिन सुरू होणार नाही याची खात्री करून, पाणबुड्याकडून ब्लेडच्या पायावरच्या आणि हबवरच्या खुणा जुळवून घ्या.

पिच सतत पुढे-मागे हलत असेल तर डेडबँड (ज्या छोट्या फरकाकडे कंट्रोल दुर्लक्ष करतो तो) वाढवून ते झाकू नका. तेलात हवा, अडकणारा व्हॉल्व्ह, सैल लिंक, या क्रमानं बघा. फिल्टर बदलला की जुना एलिमेंट कापून आत काय आहे ते पाहा. पितळी कण आणि पोलादी कण वेगवेगळ्या भागांची झीज सांगतात.

बिघाडाचा सराव न करणं

25 सप्टेंबर 2016 रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकमॅडी बंदरात शिरताना ‘हेब्रिडीज’ या फेरीच्या डाव्या सीपीपीचा ताबा सुटला. जहाज तरंगत्या धक्क्यांवरून गेलं आणि काही वेळ तळाला टेकलं. पिच आज्ञा मानत नाही हे ओळखून इंजिन थांबवणं किंवा क्लच सोडणं, हे हातात बसलेलं हवं. तेलाचा दाब गेल्यावर ब्लेड आहे तिथेच राहतात की अहेडकडे (पुढच्या दिशेच्या पिचकडे) जातात, हे डिझाइनवर ठरतं. तुमच्या जहाजाचं उत्तर ओडी बॉक्सजवळ ठळक लिहून लावा. बंदरात शिरण्याआधी स्टँडबाय पंप आणि लोकल कंट्रोल चालवून बघा.

ड्रायडॉकमधली घाई

ग्रिट ब्लास्टिंगआधी ब्लेडच्या पायाभोवतीच्या फटी झाकल्या नाहीत तर वाळू थेट सीलपाशी जाते. सील बदलून दाब दिला आणि थेंब दिसला नाही, एवढ्यावर सही करू नका. दाबाखाली ब्लेड फुल अहेड ते फुल अस्टर्न (पूर्ण पुढे ते पूर्ण मागे) फिरवा, पाया पुसून पुन्हा बघा. बऱ्याच गळत्या हालचालीतच दिसतात. त्या वेळी ब्लेडजवळ माणूस किंवा मचाण नको. ब्लेड बोल्टची डाय टेस्ट (रंगद्रव्यानं तडे शोधण्याची चाचणी) करा, ते मेकरनं दिलेल्या टॉर्कला किंवा ताणाच्या मापाला घट्ट करा आणि लॉकिंग स्वतः बघा. डॉकमध्ये पाणी भरल्यावर हवा काढून, पिच दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, तिन्ही वाचनं पुन्हा लिहून घ्या.