व्हॉक्सहॉलच्या कमानीखाली बूम धरताना

साउंडचं शिक्षण घ्यायला परदेशी निघालेली मुलं हमखास विचारतात, पहिली फिल्म कशी मिळाली? खरं सांगायचं तर दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून मिळाली. लंडनच्या गे नाइटक्लबांवरची, जेमतेम पैशांत चाललेली स्वतंत्र डॉक्युमेंटरी होती ती, मधूनमधून नट घेऊन उभे केलेले प्रसंग असलेली. युनिट आठ जणांचं. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक धरणं, केबल गुंडाळणं आणि वेळ पडली तर चहा आणणं, सगळं माझ्याकडे.

आधी व्हिसाचं सांगते, कारण बरेच जण तिथेच अडकतात. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, फ्रीलान्स मात्र अजिबात चालत नाही. आणि फिल्मचं बहुतेक काम असतं फ्रीलान्स. "इन्व्हॉइस पाठव, बघून घेऊ" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. मी कोर्स संपवून ग्रॅज्युएट व्हिसा हातात आल्यावरच हे काम घेतलं. दुसरं वाक्य ऐकाल ते "फिल्म विकली गेली की पैसे देऊ". मी ऐकलं, विश्वासही ठेवला. निम्मं मानधन अजून यायचंय.

आता कामाचं. टेम्सच्या दक्षिणेला व्हॉक्सहॉलमध्ये क्लब आहेत ते रेल्वेच्या विटांच्या कमानींखाली. आम्ही रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, गेलो रात्री दोनला. छान शांतता होती, म्हणजे वरून. पण क्लबवाले शूटिंगला जागा देणार दिवसा, बंद असताना, आणि सकाळ झाली की डोक्यावरून वॉटर्लू स्टेशनच्या गाड्या सुरू. पहिल्या दिवशी एकही संवाद सलग मिळाला नाही. ज्या वेळी शूट, त्याच वेळी रेकी, हे मी तिथे शिकले. कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

क्लबचा सीन शूट होताना गाणं वाजत नसतं, हे नव्यांना माहीत नसतं. सुरुवातीला काही सेकंद वाजवायचं, सगळ्यांच्या अंगात ठेका भिनला की बंद. मग चाळीस जण चिडीचूप नाचतात, नट मात्र गोंगाटात बोलल्यासारखे ओरडून बोलतात. ठेका सुटू नये म्हणून अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीचा नुसता धप् धप् ट्रॅक सबवूफरवर लावतात. तो नंतर फिल्टरनं काढता येतो, कारण माणसाचा आवाज तेवढा खाली जात नाही. बुटांच्या तळाला फोम चिकटवायचा. आणि कपड्यात लपवायचा छोटा लेपल माइक लावायचा कुठे, ही अडचण, कारण अर्ध्या लोकांच्या अंगावर शर्टच नाही! शेवटी एकाच्या छातीवरच्या चामडी पट्ट्यात लपवला. चामडं करकरतं. तो सीन डब करावा लागला.

आमच्या दिग्दर्शिकेच्या पहिल्या कागदावर 'अंधारी बाजू' हा शब्द दर परिच्छेदात होता. मलाही तेव्हा तेच वाटायचं, की क्लबात कॅमेरा नेला की अंधार सापडेल. पण या जागांचा इतिहास वाचल्याशिवाय तिथे बूम उचलू नये. तिथल्याच रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या जुन्या गे पबवर जानेवारी १९८७मध्ये पोलिसांनी धाड घातली ती रबरी हातमोजे घालून, एड्सच्या भीतीनं. त्याच इमारतीला २०१५ साली संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. तिथे नाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना हे दोन्ही आठवतं. ते कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहतात, तर ते उगाच नाही.

खरं काळं जे होतं ते सकाळी क्लब बंद झाल्यावर कुणाच्या तरी फ्लॅटवर होतं. तिथे नशेसाठी जीबीएल घेतलं जायचं. ते मुळात कारखान्यातलं सॉल्व्हंट, शरीरात गेलं की त्याचं जीएचबी हे गुंगी आणणारं द्रव्य होतं. नशा आणि बेशुद्धी यांत फार थोडं अंतर, दारू सोबत असेल तर श्वासच मंदावतो. ब्रिटननं २०२२मध्ये दोन्ही पदार्थ कायद्यानं जास्त कडक शिक्षेच्या वर्गात टाकले. त्याआधी २०१४–१५मध्ये पूर्व लंडनच्या बार्किंगमध्ये एकानं याच जीएचबीनं चार तरुणांचा जीव घेतला होता, आणि पोलिसांना बराच काळ ते मृत्यू एकमेकांशी जोडलेले दिसलेच नाहीत. त्यांच्या चुका बहुधा त्यांतल्या तिघांच्या मृत्यूला कारणीभूत ठरल्या, असं ज्युरीनं २०२१मध्ये नोंदवलं. क्लबाच्या दारावर निदान कुणीतरी पडलेल्याला उचलतं.

या नशेतून गेलेल्या एकाची मुलाखत आम्ही स्वयंपाकघरात घेतली. मुलगा आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. फ्रिज घरघरत होता, तो मी बंद केला आणि माझ्या घराच्या किल्ल्या आत ठेवल्या. ही जुनी युक्ती आहे, निघताना किल्ल्या शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होते. तो म्हणाला, "ताई, चेहरा नका दाखवू." मी म्हटलं, नाहीच दाखवणार. मग थांबून म्हणाला, "पण मावशी आवाजावरून ओळखेल गं." बरोबर होतं त्याचं. चेहरा सगळे धूसर करतात, आवाज विसरतात. पट्टी वरखाली करून भागत नाही, ती कुणीही परत मूळपदावर आणू शकतो. शब्द त्याचेच ठेवून नटाकडून वाचून घ्यायचे, आणि मूळ फाइल कुणाकडे राहणार हे करारात लिहायचं. तो ते पटल्यावर बोलला.

तासाभरानं त्याच्या फोनचा गजर वाजला. मला वाटलं, औषधाची वेळ असेल. जीबीएलचा पुढचा घोट लवकर जाऊ नये म्हणून ही मंडळी गजर लावतात. त्यानं सोडून आठ महिने झाले होते, गजर काढायचा राहून गेला होता. हेडफोनमध्ये तो फार मोठा ऐकू आला. मी बूम हलवला नाही, पण त्याच्याकडे बघूही शकले नाही.

एडिटच्या वेळी त्याला विचारलं, हा गजर ठेवायचा का? त्यानं आठवडा घेतला. मग मेसेज आला, "ठेवा, पण त्याच्या आधीचं माझं वाक्य काढा." वाक्य चांगलं होतं. काढलं.